बर्न्स यांचं युद्ध, जोतीरावांचं युद्ध

खामगावच्या एका निवृत्त हिशेबनिसाने अमेरिकेच्या यादवी युद्धावरच्या मालिकेबद्दल वर्तमानपत्रात का लिहावं? कारण आहे. आमच्या गावाला आगगाडी आली ती त्या युद्धाच्या पाठोपाठ. १८६१ मध्ये लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर आली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही चिमुकली शाखा सुरू झाली, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. पुढे त्याच कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात खातेवह्या लिहिण्यात माझी नोकरी गेली. कापूस किती आला, रुई किती निघाली, सरकी किती, गाठी किती, घट किती. अमेरिकेचा इतिहास मला आधी कापसातून कळला. लिंकन नंतर आला.

भाच्याने तिकडून केन बर्न्स यांच्या ‘द सिव्हिल वॉर’चा डिस्कचा संच आणून दिला. पावसाळ्यात रात्रीची जेवणं आटोपली की मी आणि आमची सौ. ती लावून बसायचो. नऊ भाग, अकरा तासांहून अधिक. सप्टेंबर १९९० मध्ये पीबीएस या अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीने ती ओळीने पाच रात्री दाखवली आणि जवळपास चार कोटी लोकांनी बघितली. युद्ध चाललं चार वर्षं, मालिका करायला त्याहून जास्त लागली.

ती बघायला हवी, हे आधीच सांगतो. पुढे मी तिच्याशी भांडणार आहे, पण भांडण्याच्या लायकीचं फार थोडं टीव्हीवर सापडतं. आपल्याकडे ऐतिहासिक मालिका म्हटलं की भरजरी कपडे, एकाच संवादावर तीनदा वीज कडाडणार आणि सरदाराच्या डोळ्यांवर कॅमेरा चारदा झेपावणार. बर्न्स यांनी एकाही नटाला गणवेश घातला नाही. त्या काळचे फोटो, पत्रं, रोजनिश्या, आजची रिकामी रणांगणं आणि आवाज, एवढंच भांडवल. काचेवर ओलं रसायन लावून फोटो काढायचा तो काळ. कॅमेऱ्यापुढे काही सेकंद निश्चल राहावं लागे, म्हणून लढाई चालू असतानाचा फोटो जवळपास नाहीच. लढाईआधीच्या छावण्या आहेत आणि नंतरची प्रेतं आहेत. मधलं सगळं बर्न्स आवाजाने भरून काढतात. फोटोवरून कॅमेरा सावकाश सरकतो, एखाद्या पोराच्या चेहऱ्यावर थांबतो, लांबून तोफेचा आवाज येतो, आणि तो पोरगा जिवंत आहे असं वाटू लागतं. ही सरकती चाल इतकी प्रसिद्ध झाली की ॲपलच्या व्हिडिओ जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तिला बर्न्स यांचंच नाव आहे. आज कुठल्याही साखरपुड्याच्या व्हिडिओत आत्याबाईंच्या फोटोवरून कॅमेरा सरकतो, तो यांच्याच कृपेने.

(फोटोही काही साधेभोळे नसतात. गेटिसबर्गच्या लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनर यांनी काढलेलं एका मृत नेमबाजाचं चित्र जगभर गाजलं. प्रेत उचलून दुसऱ्या जागी नेलं होतं, शेजारी बंदूक टेकवली होती, हे शंभरेक वर्षांनी विल्यम फ्रासानिटो नावाच्या अभ्यासकाने खडकांच्या ठेवणीवरून शोधून काढलं.)

पहिल्या भागाच्या शेवटी ऱ्होड आयलंडच्या मेजर सुलिव्हन बॅलू यांचं पत्र येतं. १४ जुलै १८६१ ला छावणीतून त्यांनी बायकोला, साराला, लिहिलेलं. मी मेलो तर काय, याची कल्पना असलेल्या माणसाने लिहिलेलं. आठवड्यात बुल रनच्या लढाईत ते जबर जखमी झाले आणि त्यातच गेले. पत्र वाचलं जातं, मागे व्हायोलिन वाजतं, भाग संपतो. मी नाक शिंकरून घेतलं. आमच्या सौ. माध्यमिक शाळेत मराठी शिकवायच्या, त्यामुळे भारावून जाणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या म्हणाल्या, “अहो, त्या साराचं पुढं काय झालं, ते नाही का सांगत हे?”

नाही सांगत. मी शोधलं. नवरा गेला तेव्हा ती जेमतेम पंचविशीची होती, पदरी दोन मुलं. तिने पुन्हा लग्न केलं नाही. गेली ती १९१७ मध्ये. पत्राची मूळ प्रत सापडत नाही, आहेत त्या नकलाच. सौं.चा प्रश्न मात्र पुढच्या सगळ्या भागांत माझ्या कानाशी राहिला, कारण मालिकेची गोम तिथेच आहे. ज्या क्षणी डोळे भरतात, त्या क्षणी ती थांबते. पुढचं विचारायचं राहून जातं.

ते व्हायोलिन. ‘अशोकन फेअरवेल’ असं त्या चालीचं नाव. शंभरेक वर्षं जुनी लोकधून वाटते, पण जे अंगर यांनी ती १९८२ मध्ये बांधली. मालिकेत ती पंचविसेक वेळा येते, सगळं मिळून जवळपास तासभर वाजते. उत्तरेचा मेला तरी तीच, दक्षिणेचा मेला तरी तीच. ऐकता ऐकता दोन्ही बाजू एकाच घरातली भावंडं वाटायला लागतात, आणि भांडण कशावरून होतं ते मागे पडतं. आमच्याकडे भाऊबंदकीत बांधावरून डोकी फुटतात, तसंच काही. पण या भांडणात बांध नव्हता. चाळीस लाख माणसं होती, आणि ती कोणाच्या तरी मालकीची होती.

दुसरी गोडी शेल्बी फूट यांची. मिसिसिपीत जन्मलेले कादंबरीकार, पांढरी दाढी, बोरूसारख्या टाकाने लिहिणारे. या युद्धावर त्यांनी तीन जाडजूड खंड लिहिले. मालिकेत ते एकोणनव्वद वेळा पडद्यावर येतात. काय बोलतात! जणू परवाच लढाईवरून परतलेत आणि ओसरीवर बसून सांगताहेत. कोणता सेनापती कोणत्या घोड्यावर होता, कोण कोणाला काय म्हणाला. आम्ही त्यांची वाट बघायचो, खोटं कशाला बोलू. त्यांच्या समोर कोलंबिया विद्यापीठाच्या इतिहासकार बार्बरा फील्ड्स आहेत. कृष्णवर्णीय, शांत, एकेक शब्द तोलून बोलणाऱ्या. हे युद्ध गुलामांनी स्वतःच मुक्तीचं युद्ध करून टाकलं, हे त्या सांगतात. हे युद्ध अजून संपलेलं नाही, अजून हरलंही जाऊ शकतं, हेही त्याच सांगतात. पण त्यांच्या वाट्याला फूट यांच्या मानाने फार थोडा वेळ आला आहे.

पहिल्या भागात फूट सांगतात की युद्ध झालं कारण अमेरिकनांना तडजोड जमली नाही, जी एरवी त्यांना उत्तम जमते. इथे माझ्यातला हिशेबनीस उठून बसला. तडजोडी तर ढिगाने झाल्या होत्या! १८२० मध्ये झाली, १८५० मध्ये झाली, त्याआधी राज्यघटना लिहिताना झाली. प्रत्येक तडजोडीत दोन गोऱ्या बाजूंनी सही केली आणि रक्कम तिसऱ्याच्या खात्यातून गेली. युद्ध का झालं हे कळायला तर्क लढवायची गरज नाही. दक्षिणेने ते लिहून ठेवलं आहे. मिसिसिपीने संघराज्य सोडताना जाहीरनामा काढला, त्यात कारण म्हणून गुलामगिरीच पुढे आहे. मार्च १८६१ मध्ये दक्षिणेच्या बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स सव्हाना शहरात बोलले. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, याच पायावर आमचं राष्ट्र उभं आहे, असा त्या भाषणाचा सरळ अर्थ होता. तरीही २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये व्हाइट हाउसचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ जॉन केली टीव्हीवर म्हणाले की तडजोडीची क्षमता नव्हती म्हणून यादवी झाली. त्यांनी ते कुठून उचललं हे मला माहीत नाही. पण या मालिकेनंतर ते म्हणणं घराघरात ओळखीचं झालं होतं, एवढं नक्की.

फूट यांनी आणखी एक मत ठेवून दिलं आहे. या युद्धाने दोन अस्सल प्रतिभावंत दिले, एक लिंकन आणि दुसरे दक्षिणेचे घोडदळ सेनापती नेथन बेडफर्ड फॉरेस्ट. फॉरेस्ट युद्धाआधी मेम्फिसमध्ये गुलामांचे व्यापारी होते. एप्रिल १८६४ मध्ये टेनेसीतल्या फोर्ट पिलोवर त्यांच्या सैन्याने शरण आलेल्या काळ्या सैनिकांना कापून काढलं. युद्धानंतर कू क्लक्स क्लॅनचे पहिले म्होरके हेच. लढाईतली हुशारी असेल, नाकारत नाही. पण दोन फोटो शेजारी लावून एकच शब्द दोघांना चिकटवायचा, आणि तोही इतक्या गोड आवाजात!

मालिका सुरुवातीलाच विल्मर मॅक्लीन यांची गोष्ट सांगते, ती सगळ्यांना आवडते. मनाससजवळ त्यांचं घर होतं. १८६१ ची पहिली मोठी लढाई त्यांच्या शिवारात झाली, तोफेचा गोळा स्वयंपाकघरात येऊन पडला. कंटाळून ते दूर ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस नावाच्या आडगावात राहायला गेले. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचे सेनापती ली शरण आले, ते नेमके त्यांच्या दिवाणखान्यात. मग उत्तरेचे सेनापती ग्रँट यांच्या अधिकाऱ्यांनी आठवण म्हणून खुर्च्या-टेबलं उचलून नेली. मॅक्लीन यांच्याबद्दल मला वाईट वाटलं. नंतर त्या जागेची माहिती वाचली. आता तिथे राष्ट्रीय स्मारक आहे, आणि घराच्या मागे गुलामांची खोली आहे. त्या दुपारी त्या खोलीत कोणी ना कोणी असणारच. दिवाणखान्यात जे चाललं होतं त्यात सगळ्यात मोठा फरक त्याच माणसांना पडणार होता.

कापसाकडे येतो. १७९३ मध्ये इलाय व्हिटनी यांनी जॉर्जियात सरकी काढायचं यंत्र केलं. आमच्याकडे वापरतात ते रोलरचे जिन वेगळे. व्हिटनी यांचं दातेरी, आखूड धाग्याची रुई सरकीपासून ओरबाडून काढणारं. कुठल्याही जिनवाल्याला विचारा, रेचा वेगाने चालला की वेचणारे हात जास्त लागतात. तिथे ते विकत घेतले गेले. १७९० मध्ये अमेरिकेत सातेक लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास चाळीस लाख. तोवर देशाच्या एकूण निर्यातीतला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा झाला होता. मालिकेत गुलामगिरीवर प्रकरण आहे आणि ते चांगलंही आहे. पण अकरा तासांत मला जो हिशेब हवा होता तो मिळाला नाही. त्या गाठी कोणी विकल्या, त्यांवर कर्ज कोणी दिलं, लिव्हरपूलला कोण श्रीमंत झालं, आणि ओघाने मुंबईत कोण. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद, समुद्र भरून जमीन करायला निघालेल्या बॅक बे रेक्लमेशनचे शेअर, १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळलेला बाजार. हे अमेरिकन दिग्दर्शकाने दाखवावं अशी माझी अपेक्षा नाही. मात्र युद्ध संपल्यावर भाव पडले, शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला, आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला त्या वह्यांची होळी झाली. तेव्हा आमचाही काही तुकडा त्या फिल्ममध्ये आहेच.

आता मुख्य भांडण. बर्न्स यांचं म्हणणं असं असू शकतं की मालिका युद्धाची आहे, ती १८६५ ला संपणार. पण ती तिथे संपत नाही. शेवटच्या भागात ती उडी मारून १९१३ मध्ये जाते, मग १९३८ मध्ये. गेटिसबर्गच्या मैदानावर म्हातारे झालेले दोन्हीकडचे सैनिक भेटतात. १९१३ ला पन्नास हजारांहून जास्त होते. दक्षिणेने तिथेच केलेल्या पिकेटच्या चढाईची आठवण म्हणून दक्षिणेचे म्हातारे हळूहळू चालत येतात, दगडी भिंतीवरून उत्तरेचे म्हातारे हात पुढे करतात. जुनी हलती चित्रफीत, पांढऱ्या दाढ्या. कोणाचाही घसा दाटेल. आणि १८६५ ते १८७७ ही बारा वर्षं? जेमतेम काही मिनिटं.

त्या बारा वर्षांत काय झालं ते बघा. गुलामगिरी घटनेने गेली, काळ्या माणसाला नागरिकत्व मिळालं, पुरुषांना मत मिळालं. ज्या मिसिसिपीतून बंडखोरांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस पूर्वी सिनेटमध्ये बसत, तिथूनच १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक सिनेटमध्ये गेले. साउथ कॅरोलिनाच्या कनिष्ठ सभागृहात काळ्यांचं बहुमत झालं. मग ते सगळं बंदुकीने आणि कोर्टाने उलटवलं गेलं. १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या वादात तोडगा निघाला, दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं सैन्य मागे घेतलं गेलं. फूट यांना हवी होती ती तडजोड अखेर जमली.

आणि इथे एक मराठी माणूस आहे, ज्याने हे युद्ध पुण्यातून बघितलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ काढली, तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांच्या नावे आहे. त्यांनी हबशी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवून शूद्रांना सोडवावं, ही आशाही तिथेच आहे. जोतीरावांना ते भावाभावांचं भांडण वाटलं नाही. घोड्यांची नावं त्यांनी विचारली नाहीत. युद्ध कशाबद्दल होतं हे त्यांना एका वाक्यात कळलं होतं.

पण ते वर्ष १८७३. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात निवडणुकीच्या वादातून कोर्टाच्या इमारतीत जमलेल्या काळ्या माणसांवर गोऱ्या टोळीने हल्ला केला. कितीएक जण शरण आल्यावर मारले गेले. नेमके किती, यावर आजही एकमत नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७६ मध्ये आरोपी सुटले. पुढे त्या जागी सरकारी फलक लागला. त्यावर या हत्याकांडाला दंगल म्हटलं होतं आणि त्यामुळे दक्षिणेतला उपऱ्यांचा गैरकारभार संपला, असं कौतुकही होतं. फलक निघाला २०२१ मध्ये. जोतीराव ज्यांना मुक्त समजून आभार मानत होते, त्यांचं काय चाललं होतं हे पुण्याला कळायची सोय तेव्हा नव्हती. १९९० मध्ये सोय होती.

ती उणीव ज्यांनी भरून काढली, तेही आपलेच. गेटिसबर्गचा तो मेळावा जुलै १९१३ च्या पहिल्या आठवड्यात उरकला, आणि त्याच महिन्यात भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. मेळाव्यात भाषण करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या कारकिर्दीत, त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांना वेगळं बसवायला सुरुवात झाली होती. काळ्यांना मत दिलं हीच चूक, असं सांगणाऱ्या इतिहासकारांचे अग्रणी विल्यम डनिंग तेव्हा कोलंबियातच प्राध्यापक होते. बाबासाहेबांनी धडा मात्र वेगळा घेतला. १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’मध्ये ते अमेरिकेच्या निग्रोंचं उदाहरण देतात. ते उत्तरेच्या बाजूने लढले, स्वतंत्र झाले, आणि मग त्यांच्याच बाजूच्या पुढाऱ्यांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं. अस्पृश्यांनी हे विसरता कामा नये, असं ते बजावतात. म्हणजे मालिकेतून जो भाग गळला, तोच बाबासाहेबांना सगळ्यात कामाचा वाटला होता. हे वाचून दाखवल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, “मग तो भाग कोणी केलाच नाही का?”

केला. हेन्री लुई गेट्स यांनी २०१९ मध्ये पीबीएसवरच, याच बारा वर्षांवर आणि त्यांच्या परिणामांवर, चार तासांचा. त्यात फूट यांच्यासारखा गप्पिष्ट नाही, व्हायोलिन नाही. मध्येच उठून चहा ठेवावासा वाटतो, हेही कबूल.

माझी मागणी साधी आहे. मराठी वाहिन्यांपैकी किंवा ओटीटीवाल्यांपैकी कोणी या दोन्ही मालिकांचे हक्क घ्यावेत, मराठी आवाज द्यावेत, आणि लागोपाठ दाखवाव्यात. बर्न्स यांच्या नवव्या भागानंतर दुसऱ्याच रात्री गेट्स यांचा पहिला तास. मध्ये आठवड्याची सुट्टी नको, नाहीतर ते हस्तांदोलन डोळ्यांपुढे तसंच राहील. फील्ड्सबाईंना चांगल्या प्रौढ आवाजाची, न घाई करणारी बाई द्या. गुलामीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचा मजकूर मूळ मालिकेत मॉर्गन फ्रीमन वाचतात, तेव्हा तिथे काटकसर चालायची नाही. आणि शेल्बी फूट यांना वऱ्हाडी आवाज द्या. अकोला-बुलढाण्याकडचा एखादा पिकलेला, हेल काढून, मध्येच स्वतःशी हसून बोलणारा म्हातारा शोधा. एकोणनव्वद वेळा तो पडद्यावर आला की आमच्या खामगावातही अर्धे लोक फॉरेस्टच्या बाजूने बोलायला लागतील, आणि मग गेट्स यांचे चार तास कशाला हवे होते ते कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.